आजची किंमत

दमारिसने खिडकीच्या फळीवरचा पेला उचलला, रात्रभरात गार झालेली कॉफी बाहेर ओतली आणि मोकळ्या झालेल्या जागेवर लॅपटॉप ठेवला. मग ती पलंगाकडे वळली, वडिलांच्या डोळ्यांवरचा चष्मा अलगद काढला आणि नेसलेल्या सारोंगच्या टोकाने काचा पुसू लागली.

"बाबा, आज जरा गडबड आहे हं," ती म्हणाली. "परीक्षा आहे माझी. दुपारपर्यंत कॉफी मिळणार नाही."

तिने चष्मा पुन्हा त्यांच्या नाकावर नीट बसवला. या डोंगरात सकाळी धुकं सरळ घरात शिरतं. खिडकीची तावदानं, आरसा, औषधाची बाटली, काच म्हणून जे काही असेल ते ओलसर होतं. चष्मा धुरकटला तर त्यात नवल ते काय, असं आत्या म्हणायची, आणि दमारिसही तेच म्हणायची. फक्त बाकीच्या काचा बाहेरून पुसाव्या लागत आणि चष्म्याच्या आतून. हे ती कुणाला बोलली नव्हती. स्वतःशीसुद्धा फार बोलत नसे.

तिचे वडील लुथर दोन वर्षांपासून आजारी होते. रांतेपाओ शहरातल्या दवाखान्याच्या डॉक्टरने तेव्हाच कागदावर काय लिहून दिलं होतं ते घरात सगळ्यांना माहीत होतं. तो कागद कपाटात कपड्यांखाली पडून होता. पण इथे कागदाने काही माणूस मरत नाही. नातलग जमतात, मांडव पडतो, अंगणात पहिला रेडा कोसळतो, तेव्हा माणूस जातो. तोवर तो आजारी. आजारी माणसाला दोन वेळचं जेवण न्यायचं, कॉफी न्यायची, लवंगेची सिगारेट पेटवून उशाशी ठेवायची, आणि गावात काय चाललंय ते सांगायचं. अधूनमधून नर्स येऊन अंग टिकवायची सुई टोचून जायची. दमारिसचा भाऊ एलिफास पापुआच्या खाणीत कामाला होता. तो आला की निरोपाचा समारंभ करायचा, असं ठरलं होतं, आणि तो दर नाताळला फोनवर म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की."

आता एवढ्या मोठ्या घरात परीक्षेला दुसरी जागा नव्हती का? नव्हती. इंटरनेट यायचं ते फक्त लुथरच्या पलंगाशेजारच्या खिडकीत. बाकी घर त्या बाबतीत ठार बहिरं होतं.

दमारिस गावच्या शाळेत कारकून होती, कंत्राटावर. कायम व्हायचं तर पदवी हवी. म्हणून पस्तिशी उलटल्यावर तिने घरबसल्या शिकायला घेतलं. कॉलेज नाही, वर्ग नाही, शेजारी बसून चुकलेलं गणित दाखवणारी मैत्रीण नाही. टपालाने पुस्तकं यायची, ती आणि पुस्तकं. कायदा झाला, प्रशासन झालं, इंग्रजीसुद्धा रडतखडत निघालं. फायनान्सला मात्र तिचं घोडं पेंड खायचं. विषय सक्तीचा, सोडायची सोय नाही. दोनदा नापास झाली होती. ही तिसरी खेप शेवटची. यानंतर नाव कमी होणार होतं, आणि शाळेतल्या नव्या मुख्याध्यापकांनी आधीच बजावलं होतं, की पुढच्या सत्रापासून पदवीवाल्यालाच खुर्ची. त्यांच्या मेहुण्याचा मुलगा पदवीवाला होता.

तिचं अडायचं एकाच जागी. पाच वर्षांनी शंभर मिळणार असतील, तर त्यांची आजची किंमत किती? दमारिस लिहायची, शंभर.

"अहो, दरवेळी शंभर कसे?" मकासरहून फोनवर शिकवणारे सर वैतागायचे. "मधली पाच वर्षं गेली कुठे?"

"जातील कुठे? आहेत की," ती म्हणायची.

ती थट्टा करत नव्हती. तिच्या गावात आजोबाने समारंभाला उसना आणलेला रेडा नातू फेडतो. शिंगं हाताने मापायची, बोटापासून कोपरापर्यंत, कोपराच्या वर, आणि तेवढ्याच शिंगांचा रेडा परत न्यायचा. मधे दोन पिढ्या गेल्या म्हणून शिंग बोटभर आखूड चालेल, असं म्हणणाऱ्याच्या घरी कुणी पोरगी देणार नाही. लहानपणापासून जे खरं म्हणून पाहिलं ते पुस्तक खोटं म्हणत होतं, आणि तेही सूत्र देऊन.

शेवटी सरांनी हात टेकले. "कुणाला तरी समजावून सांगत जा. ज्याला यातलं ओ की ठो कळत नाही अशाला. सांगता सांगता आपल्यालाच उमगतं."

तेव्हापासून ती बाबांना समजावून सांगायची. पलंगाशेजारी स्टूल घेऊन, पुस्तक मांडीवर.

"काय चाललंय?" ताबिता आत्या दारातून डोकावायची. लुथरची धाकटी बहीण. हिच्या जिभेला हाड नव्हतं.

"आजची किंमत काढतेय. पुढे येणाऱ्या पैशांची."

"म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल! असला धंदा जकार्ताच्या माणसांनीच करावा. आणि विचारतेस कुणाला, तर दादाला. जन्मभर एका 'हं'वर भाकरी खाल्ली त्याने."

हे मात्र खरं होतं. लुथर गुरांच्या बाजारातले दलाल. समोरचा किंमत सांगायचा आणि लुथर फक्त म्हणायचे, "हं." त्यात होकार नसायचा, नकार नसायचा. बोल पुढे, ऐकतोय, एवढंच. समोरचा माणूस गोंधळून आणखी बोलायचा आणि बोलता बोलता आपणच खाली यायचा. बाजारातली पोरं त्यांची नक्कल करायची, पण तो 'हं' कुणाला साधला नाही.

ठरल्या वेळी लॅपटॉपच्या पडद्यावर जकार्ताहून एका मुलीचा चेहरा आला. तिने आपलं नाव रातिह सांगितलं. परीक्षेवर लक्ष ठेवायला तीच होती.

"कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवाल का, मॅडम?"

दमारिसने लॅपटॉप उचलून हळूहळू फिरवला. कपाट, भिंत, आरसा, पलंग.

"थांबा. तिथे कुणी झोपलंय का?"

"माझे वडील आहेत."

"परीक्षेला खोलीत कुणी चालत नाही, मॅडम. त्यांना जरा बाहेर बसायला सांगता?"

"त्यांना हलवता येत नाही. आजारी आहेत."

"मग तुम्ही दुसऱ्या खोलीत..."

"दुसरीकडे इंटरनेट नाही येत."

रातिहने पडद्याजवळ येऊन पाहिलं. "बोलतात का ते?"

"नाही. दोन वर्षं झाली."

"अरे देवा. पक्षाघात का?"

दमारिसने खाली मान घातली. एका शब्दाचं काम होतं. वारलेत, एवढं म्हटलं असतं की मुलगी ओशाळून गप्प बसली असती आणि पेपर सुरू झाला असता. पण बाबा हाताच्या अंतरावर होते. त्यांना ऐकू जाईल असा तो शब्द तिच्या तोंडून निघाला नाही. तिकडे रातिहने तिच्या गप्प बसण्यालाच उत्तर मानलं.

"माझ्या आजीलाही असंच झालं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मी तशी नोंद करते. फक्त कॅमेरा असा ठेवा, की तेही दिसत राहतील. आणि बरे होऊ देत हं ते लवकर."

"हो," दमारिस म्हणाली.

पेपर उघडला. पडद्याच्या कोपऱ्यात तिला तिचीच छोटी छबी दिसत होती. चेहरे ओळखणारं ते यंत्र होतं, माणूस दिसला की त्याच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आखायचं. एक चौकट दमारिसच्या चेहऱ्याभोवती होती. दुसरी मागे, उशीवर, चष्म्याभोवती. तिची चौकट ती हलली की हलायची. मागची स्थिर होती, अधूनमधून किंचित थरथरायची. धुक्यामुळे असेल, असं म्हणून तिने डोळे प्रश्नांवर आणले.

सोपे प्रश्न सुटले. मग तो आला, वेगळे आकडे नेसून, पण तोच. पुढे कधीतरी येणाऱ्या रकमेची आजची किंमत. सूत्र तोंडपाठ होतं, हात मात्र चालेना. सूत्रावर तिचा विश्वासच नव्हता. आता शेवटचं, आता पुन्हा नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि मग रोजच्या सवयीने ती पुटपुटायला लागली.

"बाबा, असं बघा. रेडा पाच वर्षांनी मिळणार. तोवर तो दुसऱ्याच्या चिखलात. शेत आपण हातांनी उकरायचं. रोज वाटेकडे बघायचं. आज येईल, उद्या येईल. येईल तेव्हा तो अख्खाच येईल, शिंगं तेवढीच. कमी झालेले असू आपण. वाट बघून बघून. ते जे कमी होतं, ते आजच वजा करून ठेवायचं." तिने श्वास घेतला. "बरोबर ना?"

"हं."

बोल पुढे, ऐकतोय.

"मॅडम, बोलू नका, प्लीज," रातिहचा आवाज आला.

दमारिसने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या मानेवर काटा आला होता, पण भीती नव्हती. मनात खोलवर बरं वाटत होतं, गर्दीत हात सुटलेल्या मुलाला तो पुन्हा सापडावा तसं. तिने आकडे मांडले, भागाकार केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा शंभरापेक्षा कमी उत्तर मनापासून लिहिलं.

निकालाच्या दिवशी निकाल आला नाही. पत्र आलं. परीक्षेच्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आढळला आहे. ती व्यक्ती बोलू शकत असेल, तर मदत घेतली असं धरून पेपर रद्द होईल. बोलू शकत नसेल, तर तसा पुरावा या आठवड्यात पाठवावा. सोबत तेवढाच आवाज कापून जोडला होता.

ती ओसरीवर आत्याशेजारी बसली आणि कानात घालायची वायर दोघींनी एकेक वाटून घेतली. आधी दमारिसची कुजबुज. मग, बरोबर ना? मग तो आवाज. आखूड, नाकातून आलेला, थोडा घोगरा.

"दादा आहे," आत्या म्हणाली आणि पुन्हा सुपारी कातरायला लागली.

"आत्या!"

"काय आत्या? आजारी माणसाने हुंकार देऊ नये असा कायदा आहे का कुठे? तू विचारलंस, त्याने ऐकलं. लिही त्यांना, की हुंकार होता, उत्तर नव्हतं."

"बोलू शकतात म्हटलं की पेपर रद्द. पदवी गेली. शाळाही गेली."

"मग बोलू शकत नाहीत म्हण."

"त्याचा पुरावा मागतायत."

आत्याचा अडकित्ता थांबला. कपाटात कपड्यांखाली काय आहे ते तिलाही ठाऊक होतं.

"ते करू नकोस, दमे," ती म्हणाली. या आवाजात ती क्वचितच बोलायची. "अजून एकही रेडा पडलेला नाही. कागद डॉक्टरने लिहिला, त्याचं काय, तो परका. तू पोरगी आहेस."

"एलिफास दरवर्षी पुढच्या वर्षी म्हणतो. मी किती थांबायचं?"

"तो थांबलाय की आत," आत्या म्हणाली. "एवढा थांबलाय, त्याने केली का कुरकुर?"

दमारिस उठून उभी राहिली. तिला राग आला होता. एलिफासचा, मुख्याध्यापकांचा, आत्याचा, आणि पलंगावर शांत पडून राहिलेल्या माणसाचासुद्धा. इतकी वर्षं गप्प बसले आणि नेमकं त्याच दिवशी बोलायचं होतं त्यांना?

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तिने कपाटातला कागद काढून पिशवीत घातला आणि घरातून निघाली. घरात बसून लिहिणं शक्य नव्हतं. अंगणातही नको. भाताची खाचरं ओलांडून, बांबूचं बन मागे टाकून ती पार फाट्यावर आली. तिथून हाक मारली तरी घरापर्यंत पोचली नसती. लेवीकाकाच्या कॉफीच्या टपरीवर नेट चांगलं यायचं.

"काय म्हणतायत वडील?" काकाने पेला पुढे सरकवत विचारलं. भेटेल तो हेच विचारायचा.

"आजारीच आहेत," दमारिस म्हणाली, आणि त्याच वेळी तिचा अंगठा मोबाइलवर लिहीत होता: खोलीत माझे वडील होते. ते दोन वर्षांपूर्वी वारले.

लिहून झाल्यावर तिने ते वाचून पाहिलं. कचेरीची भाषा, कचेरीची अक्षरं. घरच्या बोलीत हे वाक्य तिने कधी उच्चारलंही नसतं. जकार्ताच्या लोकांसाठी आहे, जकार्तातच राहील, असं तिने स्वतःला समजावलं. कागदाचा फोटो काढला, जोडला आणि पाठवून दिला. काकाने साखर जास्त घातली होती. तरी तिने कॉफी पूर्ण संपवली, कारण लगेच घरी जावंसं वाटत नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने बाबांना गावातलं सगळं सांगितलं. चर्चच्या छपराची दुरुस्ती, लेवीकाकाचा गुडघा, कुणाची डुकरीण व्यायली. फाट्यावर कशाला गेले होते ते सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या खाली चुलीवर कॉफी उकळत होती. दमारिस शिडी चढून वर जात असतानाच खिशात मोबाइल वाजला. ती शिडीवरच थांबली. पेपर ग्राह्य. फायनान्समध्ये उत्तीर्ण. पदवीसाठीचे सर्व विषय पूर्ण. ती दोनदा वाचून हसली, एकटीच, आणि डोळे पुसले. खाली रातिहने स्वतःकडून दोन ओळी लिहिल्या होत्या. मला माहीत नव्हतं, मॅडम, क्षमा करा. तुमचे वडील गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो.

दोन वर्षांत असं कुणी म्हटलं नव्हतं. शेजाऱ्यांनी नाही, पाद्रींनी नाही, एलिफासनेही नाही. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्या वडिलांचा दुखवटा केला होता, आणि त्या मुलीला तो करायला तिनेच लावलं होतं.

ती खोलीत आली. धुकं भरून राहिलं होतं. तावदानं पांढरी झाली होती, आरशात काही दिसत नव्हतं, औषधाच्या बाटलीवरून पाणी ओघळत होतं. दमारिसने सारोंगचं टोक हातात धरलं आणि ती पलंगावर वाकली.

चष्मा स्वच्छ होता. काचा कोरड्या, आतून आणि बाहेरून. त्यांच्यापलीकडे बाबांच्या मिटलेल्या पापण्या स्पष्ट दिसत होत्या, पापण्यांवरच्या सुरकुत्यासुद्धा.

"बाबा," ती म्हणाली. "पास झाले मी."

ती थांबली. खालून पेल्याचा आवाज आला, मग शिडीवर आत्याची पावलं.

"बाबा, पास झाले. बरोबर आलं ते. आजची किंमत." तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. "बरोबर ना?"

पावलं शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर आली. दमारिसने झटकन चष्मा काढला, दोन्ही काचांवर आतून तोंडाची वाफ सोडली आणि तो पुन्हा त्यांच्या नाकावर बसवला.

"पुसला नाहीस अजून?" आत्या पेला सांभाळत आत आली. "बघ केवढा धुरकटलाय. काही दिसत नसेल गं दादाला."

"पुसते," दमारिस म्हणाली.

आत्या पेला फळीवर ठेवायला वळली. तेवढ्या वेळात वाफ कडेपासून आत सरकत सरकत नाहीशी झाली. दमारिस पाठमोरी होऊन कोरड्या काचा पुसत राहिली.